उलट सभा

४ मार्च

ताई,

मायना काय लिहावा यातच दोन कागद फुकट गेले, म्हणून नुसतं 'ताई'. कार्यालयात रोज डझनभर पत्रं खरडतो आणि सख्ख्या बहिणीला चार ओळी लिहायच्या तर पेन अडतं. फोन तू उचलत नाहीस. तक्रार करत नाही, फक्त नोंदवतोय.

काम तसं छोटंसं आहे. आमचं विस्तार केंद्र चालू ठेवायचं की गुंडाळायचं, हे ठरवायला विद्यापीठाने एक समिती नेमलीय. त्यांचा प्रश्न सरळ आहे: शेतकऱ्याला हवं ते फोनवर मिळतं, मग लोकांच्या पैशावर ही अकरा माणसं, एक जीप आणि माती तपासायची खोली कशाला पोसायची? यावर आमच्या संचालकबाईंनी मला पुस्तिका काढायला सांगितलीय. चाळीस पानं, रंगीत. आमचं ध्येय काय, आमचा उपयोग काय, हे साध्या माणसाला कळेल असं लिहायचं. नाव मीच सुचवलं, 'बांधापर्यंत'. सगळ्यांना आवडलं.

मुखपृष्ठावर तुझा फोटो घ्यायचा आहे. चार वर्षांपूर्वी तुझ्या शेतात बटाट्याचं प्रात्यक्षिक घेतलं होतं, त्या दिवशीचा. समितीतल्या एका बाईंना प्रात्यक्षिक म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, एकाच शेतात दोन पट्टे लावायचे. एक आम्ही सांगू तसा आणि एक शेतकरी नेहमी करतो तसा. दोन्हींपुढे पाट्या लावायच्या आणि गावाला बोलवायचं. बोलायची गरजच पडत नाही, डोळ्यांनी दिसतं. बाई म्हणाल्या, "किती प्रामाणिक पद्धत!" मी चहा प्यायलो.

फोटोत तू मधोमध उभी आहेस. एका बाजूला विरळ, जागोजागी तूट पडलेला पट्टा, पाटी 'शेतकऱ्याची पद्धत'. दुसऱ्या बाजूला गच्च हिरवा, पाटी 'विद्यापीठाची पद्धत'. याहून चांगलं मुखपृष्ठ मिळणार नाही. सोबत संमतिपत्र आहे. जिथे फुली आहे तिथे सही कर आणि पाठव. पंधरा एप्रिलला छपाईला जाणार.

तू घातलेली अट मी विसरलो नाही. पण ती वेगळी गोष्ट आणि ही वेगळी. भाऊजींचा गुडघा कसा आहे? ही तुला नमस्कार सांगते. म्हणजे सांगितला नाही, पण सांगितला असता. हे पत्र लिहिताना तिने मागून पाहिलं आणि "एवढ्यासाठी लिहितोयस?" म्हणून स्वयंपाकघरात गेली.

तुझा,
धाकटा


१९ मार्च

ताई,

संमतिपत्र परत मिळालं. कोरं. फोटोही मिळाला. त्यावर तू पेन्सिलीने दोन बाण काढलेस: डाव्या पाटीपासून उजव्या पट्ट्याकडे, उजव्या पाटीपासून डाव्या पट्ट्याकडे. बाकी एक अक्षर नाही. लहानपणी माझी गणितं तपासायचीस तेव्हाही अशीच, चूक कुठे आहे ते दाखवायचीस आणि उत्तर सांगायची नाहीस.

बाणांचा अर्थ कळला नाही, असं लिहिणार होतो. लिहिलंही होतं, मग तो कागद फाडला.

ठीक आहे. पाट्या बदलल्या होत्या. मी बदलल्या. पण त्या दिवशीची परिस्थितीही लक्षात घे ना! दोन बसगाड्या भरून पाहुणे येणार, विद्यापीठाचे मोठे लोक येणार, केंद्राला नवी इमारत द्यायची की नाही ते त्या दिवसावर ठरणार. आणि आमचाच पट्टा टक्कल पडल्यासारखा. आमचा सल्ला होता, बेणं कापून लावा. एका बटाट्याचे तीन तुकडे, म्हणजे बियाण्याची बचत. तू मात्र तुझ्या पट्ट्यात लहान लहान अख्खे बटाटे लावलेस, आई लावायची तसे. तुझी जमीन भारी, पाणी धरून ठेवणारी. तुकडे कुजले, अख्खे तगले. पण पद्धत खोटी नव्हती, ताई. विद्यापीठाच्या हलक्या जमिनीत ती उत्तम चालते, चार वर्षांचे आकडे आहेत माझ्याकडे. एका चुकीच्या पट्ट्यामुळे बरोबर असलेली गोष्ट लोकांनी नाकारू नये, एवढंच माझ्या मनात होतं. कुणाचं काही वाकडं झालं नाही.

केंद्राने चांगली कामंही केलीत. नदीपलीकडच्या बागांवर खोडाचा रोग आला तेव्हा आमची पोरगी, ती कीडतज्ज्ञ, अठरा दिवस झाडाखाली बसून होती. बागा वाचल्या. विहिरीच्या पाण्यात खार वाढला हे गावाला आधी आमच्या त्या एका खोलीने सांगितलं. हे फोनवर मिळत नाही. हे सगळं पुस्तिकेत आहे, आणि ते खरं आहे. त्या अकरा जणांची घरं आहेत. तुझ्या एका सहीने त्यांचं भलं होणार असेल, तर जुनं काय उकरायचं?

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते काय उगाच?

जीपवाला सांगत होता, बांधापलीकडच्या काकूचं शेत अजून पडीकच आहे. गवत कमरेपर्यंत आलंय म्हणे. ती लेकीकडेच असते का? सहज विचारलं.

दुसरं संमतिपत्र जोडतोय.

तुझा,
धाकटा


२ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड आलं. दोन शब्द. 'काकूचं काय?'

शिपायाने ते टेबलावर सुलटं ठेवलं होतं, म्हणजे त्याने वाचलं असणार, आणि त्याच्या आधी टपालवाल्याने. वाचू देत. त्यांना कळलं नाही, पण मला दिवसभर कुणाकडे मान वर करून बघवेना.

मागच्या पत्रात मी लिहिलं की कुणाचं काही वाकडं झालं नाही. ते खोटं होतं, आणि लिहिताना मला माहीत होतं की तुलाही माहीत आहे. तरी लिहिलं. बढत्या अशाच मिळतात बहुतेक.

आता जसं झालं तसं लिहितो. तुला सगळं ठाऊक आहे, पण मी ते माझ्या हाताने कधी लिहिलेलं नाही.

सकाळी साडेसातला मी जीप घेऊन आलो. सोबत कुणी नव्हतं, मुद्दामच. पाट्या घट्ट बसल्या होत्या; उपटताना उजवीचा खुंटा मोडला, म्हणून तो दगडाने ठोकून बसवला. मागे वळलो तर तू पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मला वाटलं तू ओरडशील. तू तांब्या माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "घाम पूस, लोक यायचेत." मी ते पाणी प्यायलो, ताई. मला लाज वाटायला हवी होती आणि मला बरं वाटलं.

मग पाहुणे आले. त्या टाय लावलेल्या गृहस्थाने तुला विचारलं, "मग, विद्यापीठाची पद्धत पटली का तुम्हाला?" तू माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ पाहिलंस ते मला माहीत आहे. मग म्हणालीस, "भाऊ म्हणतो तसंच." लोक हसले, टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. जन्मभर कुणाला खोटं न सांगितलेली बाई माझ्यासाठी दोनशे लोकांसमोर खोटं बोलली.

त्या दोनशेंत काकू होती. लावणीच्या वेळी ती लेकीकडे बाळंतपणाला गेली होती, म्हणून कोणत्या पट्ट्यात काय लावलंय हे तिने पाहिलं नव्हतं. तिने पाटी वाचली, खाली लिहिलेल्या कृतीसकट. वहीत उतरवून घेतली, अक्षर न् अक्षर. तुझी बांधाशेजारीण, तुझ्यासारखीच भारी जमीन, आणि पुढच्या हंगामात तिने सगळ्या शेतात कापलेलं बेणं लावलं.

ती आधी माझ्याकडे आली होती, हे तुला ठाऊक नसेल. पिशवीतून कुजलेले तुकडे घेऊन आली आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ओतले. खोलीत उभं राहवेना असा वास. म्हणाली, "साहेब, तुमच्या पाटीवर होतं तसंच केलं. काय चुकलं ते सांगा." रागात नव्हती, खरंच विचारत होती. मी काय करावं? मी नोंदवही उघडली आणि लिहिलं, 'बेणं पुरेसं न सुकवता लावलं. शेतकऱ्याची चूक.' वर तिला वाचूनही दाखवलं. तिने मान डोलावली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण मी तर बोंबसुद्धा मारली नाही. शांतपणे, सही-शिक्क्यासकट केलं.

तिथून ती तुझ्याकडे आली. तुझ्या शेतात आलं आणि माझ्यात का नाही, म्हणून विचारायला. तू मला वाचवायचं म्हणून गप्प बसलीस, आणि तिला वाटलं तू काहीतरी राखून ठेवलंस. एका विहिरीवर वीस वर्षं पाणी वाटून घेणाऱ्या दोन बायका. तिने तुला काय काय सुनावलं ते तू मला कधी सांगितलं नाहीस, भाऊजींनी सांगितलं.

आणि मग तू मला दारातच म्हणालीस, "आधी जा आणि तिला खरं सांग. सांगेपर्यंत या घराची पायरी चढू नकोस."

तीन वर्षं झाली. काकूच्या लेकीचं घर माझ्या कार्यालयापासून चालत वीस मिनिटांवर आहे.

छपाईला तेरा दिवस उरलेत. काय करायचं ते कळत नाही असं लिहिलं तर तेही खोटंच होईल.

धाकटा


१२ एप्रिल

ताई,

मुखपृष्ठ काढून घेतलं. एवढं तरी आधी सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा पान दोन पान गोल गोल फिरत बसेन.

गेल्या आठवड्यात चिखलसरांकडे गेलो होतो. माझे पहिले साहेब. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण बुटांवरचा वाळलेला चिखल अजून तसाच. आता फक्त स्वतःच्या परसातला. तुला आठवतं का, त्यांच्या वेळी केंद्रात वर्षातून एकदा उलट सभा व्हायची? शेतकरी खुर्च्यांवर आणि आम्ही समोर बाकावर. त्या वर्षी आम्ही दिलेले कोणते सल्ले फसले ते आम्ही उभं राहून वाचायचं. कुणाच्या शेतात, कुठली जमीन, काय झालं. मग शेतकरी बोलायचे, आणि आम्ही लिहून घ्यायचं. तोडून काढायचे आम्हाला! नवीन होतो तेव्हा मी सभेच्या आदल्या दिवशी आजारी पडायचो.

ती सभा बंद केली मी. प्रमुख झाल्यावर पहिल्या वर्षी. 'नकारात्मक प्रतिमा निर्माण होते' अशी टिप्पणी लिहिली होती, अजून फायलीत आहे.

सरांना मी सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. ते वांग्याच्या रोपांना पाणी घालत राहिले आणि म्हणाले, "तुझ्या बहिणीच्या त्या पट्ट्याने तुला फुकट सांगितलं होतं की भारी जमिनीत कापलेलं बेणं चालत नाही. विद्यापीठाला ते कळायला अजून चार वर्षं लागली असती. तुझं काम तेच तर होतं रे, तिथलं इकडे आणायचं. तू पाटी बदललीस म्हणजे पगार ज्याचा घेत होतास तेच गाडून टाकलंस." मग मला आत नेऊन चहा दिला. चहात साखर नव्हती, आणि ते वयामुळे की माझ्यामुळे ते मी विचारलं नाही.

पुस्तिकेत चाळीस पानं मी ध्येय ध्येय करतोय, आणि त्यात कुठेच हे नाही की आम्ही चुकतो आणि तसं सांगतो. विद्यापीठातून शेतापर्यंत जाणारा रस्ता मी रंगवून रंगवून लिहिला. परत येणारा लिहिलाच नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे म्हणून लोक आम्हाला हसतात ते उगाच नाही.

तर मी वीस तारखेला उलट सभा ठेवलीय. समितीलाही बोलावलंय. संचालकबाई म्हणाल्या, "डोकं ठिकाणावर आहे का? फाशीचा दोर आपणच वळून द्यायचा?" मी म्हटलं, "बाई, दोर तयारच आहे, मी फक्त कुणाच्या गळ्यात घालायचा ते सांगतोय." हे मी फार धिटाईने म्हणालो असं वाटू देऊ नकोस. खुर्चीला धरून उभा होतो. त्यांनी लेखी खुलासा मागितलाय. दिला.

आता लाजिरवाणी गोष्ट. सभेत सगळ्यांसमोर सांगण्याआधी काकूला एकटीला भेटून सांगावं म्हणून परवा तिच्या लेकीच्या घरी गेलो. तिसरा मजला. दारापर्यंत गेलो. आतून काकूचा आवाज ऐकू आला, नातीला काहीतरी रागवत होती. घंटीवर बोट ठेवलं आणि दाबलं नाही. खाली उतरलो. जिन्यात तिची लेक भेटली, भाजीच्या पिशव्या घेऊन. म्हणाली, "अय्या, साहेब तुम्ही? या ना वर." मी म्हणालो, घाईत आहे, आईला वीस तारखेच्या सभेला पाठवा. आणि तिच्या पिशव्या न धरता निघून आलो. पन्नाशी उलटलेला माणूस, जिना उतरताना धावत होतो!

तुझी अट 'तिला जाऊन सांग' अशी होती. मी तिला बोलावून सांगणार आहे. यातही मी पळवाट काढली, हे मला कळतंय.

तू सभेला ये असं म्हणत नाही. तुला पुन्हा त्या लोकांसमोर उभं करायचं नाही.

धाकटा


२१ एप्रिल

ताई,

काल सभा झाली. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी लिहितोय.

साठ-सत्तर माणसं आली होती. समितीचे चौघे मागच्या रांगेत. सवय नसल्यामुळे आमचे लोकही खुर्च्यांवरच बसले होते, त्यांना उठवून बाकावर बसवावं लागलं. चिखलसर आले नाहीत, निरोप पाठवला की माझी गरज नाही. काकू दुसऱ्या रांगेत होती, लेकीसोबत, डोळ्यांवर नवा चष्मा. माझ्याकडे बघून हसली. ओळखीच्या माणसाकडे हसतात तशी.

पहिला मीच उभा राहिलो. वाचून दाखवायचं म्हणून लिहून आणलं होतं, पण वाचताना काकूकडे बघता येईना, म्हणून कागद खिशात घातला. तुझं नाव घेतलं नाही, 'माझी बहीण' म्हणालो. पाट्या उपटल्या ते सांगितलं. कुठे काय लावलं होतं ते सांगितलं. बहीण खोटं बोलली नाही, माझ्या तोंडून निघायचं खोटं तिच्या तोंडून निघालं, हेही सांगितलं. मग काकूकडे वळून म्हणालो, "काकू, तुमच्या शेतात जे कुजलं ते माझ्या पाटीमुळे. बेणं तुम्ही नीट सुकवलं होतं. तुमचं काहीही चुकलं नव्हतं. मला ते तेव्हाच माहीत होतं."

मी शिव्यांची वाट बघत होतो. खरं सांगू, शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती उठली. चष्मा काढला. म्हणाली, "म्हणजे सुकवलं होतं मी नीट?"

मी हो म्हणालो.

"तीन दिवस सुकवलं होतं. राखही लावली होती. लेकीला विचार, मी रोज तिला सांगायचे, राख कमी पडली असेल, नाहीतर ऊन कमी पडलं असेल. आता वय झालं, हातातलं गेलं, शेत नको करायला, असं मीच ठरवलं." मग म्हणाली, "तीन वर्षं मी माझ्याच हातांना दोष देत होते रे."

ताई, अकरा माणसांच्या विस्तार केंद्राचा प्रमुख मी. मी उभ्याउभ्या रडलो. सगळ्यांसमोर, नाक गळेपर्यंत. कीडतज्ज्ञ पोरीने रुमाल दिला.

तिने जुनी नोंदवही मागितली. शिपायाने आणून दिली. 'शेतकऱ्याची चूक' मी खोडलं आणि बाजूला 'केंद्रप्रमुखाची चूक' लिहिलं, सही केली. तिने ते दोनदा वाचलं आणि वही मागच्या रांगेत, समितीकडे दिली. "तुम्ही पण वाचा," म्हणाली, "एवढ्या लांबून आलात."

त्यानंतर सभा सुटली नाही. दोन तास चालली. एकेक उठून सांगत होता, कुणाचा गहू, कुणाची मिरची. आमचे लोक लिहून लिहून थकले. समितीतल्या त्या बाईही शेवटपर्यंत लिहून घेत होत्या. केंद्राचं काय होणार ते कळायला महिना लागेल. माझ्यावर चौकशी बसेल, ती बसायलाच हवी. पुस्तिका संचालकबाईंनी थांबवलीय. त्या माझ्याशी बोलत नाहीत.

लोक पांगल्यावर काकू माझ्यापाशी आली. मला वाटलं आता एकटीच खरं काय ते बोलेल. तिने विचारलं, "मग भारी जमिनीत लावायचं कसं? अख्खं बेणं, ते समजलं. पण किती मोठं? किती अंतरावर? पाणी कधी तोडायचं?"

मला यातलं एकही नीट माहीत नव्हतं. तसं सांगितलं. म्हणालो, हे माझ्या बहिणीला माहीत आहे.

ती पदराने चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "तिला मी फार वाईट बोलले. तिच्या मेलेल्या आईवरून बोलले. आणि तिने उलट एक शब्द काढला नाही. आता कोणत्या तोंडाने जाऊ मी तिच्या दारात?"

मी म्हणालो, माझंही तसंच आहे.

"मग एकत्र जाऊ," ती म्हणाली. "दार तू वाजव. तू भाऊ आहेस, तुला फार तर मारेल."

रविवारी सकाळी दहाच्या गाडीने आम्ही दोघं येतोय. काकू वही घेऊन येणार आहे. पायरी चढणार नाही, खाली अंगणात थांबू. आम्हाला शिकायचं आहे, ताई. तू सांगशील का?

धाकटा